रात्रीचा शेजारी

श्रोतेहो, रात्रीचे दोन वाजले आहेत अशी कल्पना करा. घरातली सगळी माणसे गाढ झोपली आहेत. आणि अशा वेळी माळ्यावरून, नाहीतर शेजारच्या पडक्या भिंतीतून एक लांबलचक किंकाळी येते. जाड कापड कोणीतरी टर्रकन फाडावे, तसा तो आवाज. तुम्ही दचकून उठता. पलीकडच्या खोलीतून आजी विचारते, "काय रे, ऐकलंस का?" आणि मग आपणच उत्तर देते, "घुबड बोललं. आता कुणाचं काय व्हायचंय कोण जाणे!"

ज्यांचे लहानपण जुन्या घरात गेले आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. आमच्या घरात तर तो नेहमीचाच. घराच्या मागच्या अंगाला गोठा होता. गोठ्याच्या भिंतीतला, अगदी आढ्याजवळचा एक दगड निखळून तिथे भोक पडले होते, आणि त्या भोकात घुबडांचे बिऱ्हाड होते. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या वर्षी माझी धाकटी आत्या फार आजारी होती. औषधपाणी चालू होते, पण उतार पडेना. कोणीतरी आजीच्या मनात भरवून दिले, की घुबड वास्तूत नांदतेय तोवर पोर अंथरुणातून उठायची नाही. झाले! दुसऱ्या दिवशी दुपारी गडी शिडीवर चढला. मी खाली उभा राहून त्याला दगड आणि चिखलाचे गोळे देत होतो. भोक लिंपून टाकले. आत पिले आहेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ती फुसफुसत होती, ते ऐकू येत होते.

पुढच्या दोन रात्री मोठी घुबडे त्या भिंतीपाशी घिरट्या घालीत होती. तिसऱ्या रात्री आतली फुसफुस थांबली. आत्या बरी झाली, पण ती महिन्याभराने; डॉक्टरांनी औषध बदलल्यावर. त्या वर्षी आमच्या कणगीत उंदीर माजले असे मी सांगितले, तर गोष्ट छान जुळून येईल. पण तसे काही मला आठवत नाही. आठवते ती भिंतीतली फुसफुस. पुढे मोठेपणी पक्ष्यांविषयी वाचू लागलो, रात्री बाहेर पडून त्यांना पाहू लागलो, तेव्हा आपण त्या दिवशी कोणाला चिणून टाकले ते कळले. त्याच शेजाऱ्याची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे.

आपल्या वस्तीजवळ राहणारी घुबडे मुख्यतः दोन. एक पिंगळा. हा मैनेएवढा, करड्या तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात जोडीने राहतो. संध्याकाळ झाली की तारेवर येऊन बसतो आणि दोघे मिळून असा काही कलकलाट करतात, की भांडण चालले आहे असे वाटावे. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा आणि भविष्य सांगणारा पिंगळा जोशी तुम्हाला ठाऊक असेल. त्याला या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत; म्हणून त्याचेही नाव पिंगळाच.

दुसरे गव्हाणी घुबड. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांना वैरण टाकायची जागा. गोठ्याच्या, कोठाराच्या आश्रयाने राहणारे ते गव्हाणी. उंचीला वीतभराहून बरेच मोठे, पाठीवर सोनेरी-राखी रंग, पोट पांढरेशुभ्र, आणि तोंड बदामाच्या आकाराचे, तेही पांढरे. डोळे मात्र काळे. मघाची ती किंकाळी याची. 'घू घू' असा घूत्कार मोठी रानघुबडे करतात. गव्हाणी घुबड तसे घुमत नाही, ते किंचाळते आणि फुसफुसते. आमच्या गोठ्यात राहत होते ते हेच.

आता गंमत पाहा. घुबडाच्या ज्या ज्या गोष्टीची आपल्याला भीती वाटते, ती प्रत्येक गोष्ट म्हणजे त्याच्या पोटापाण्याचे हत्यार आहे. ते तोंड, ती गरकन फिरणारी मान, तो एकटक डोळा, ते चाहूल न देता येणे. आपल्याला भेडसावण्याशी यातल्या कशाचाच संबंध नाही.

तोंडापासून सुरुवात करू. घुबडाचे तोंड बशीसारखे सपाट का? तर ती बशी आवाज गोळा करण्यासाठी आहे. एखादा म्हातारा माणूस कानामागे हाताचा पंजा धरतो ना, तसे. चेहऱ्यावरची ताठ पिसे आवाज वळवून कानांकडे नेतात. हे कान आपल्याला दिसत नाहीत. ते पिसांखाली असतात. काही घुबडांच्या डोक्यावर जी शिंगे दिसतात, ती नुसती पिसे. त्यांचा ऐकण्याशी काही संबंध नाही. गव्हाणी घुबडाच्या कानांची तऱ्हा तर आणखी वेगळी. ते एका रेषेत नसतात. डाव्या कानाचे भोक किंचित वर असून त्याचा रोख खाली असतो. उजव्याचे किंचित खाली आणि त्याचा रोख वर. त्यामुळे खालून आलेला आवाज डाव्या कानात मोठा लागतो, वरून आलेला उजव्या कानात. शिवाय बाजूने आलेला आवाज एका कानात आधी पोहोचतो, दुसऱ्यात नंतर. हा फरक सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतका सूक्ष्म असला तरी घुबडाला तो कळतो. वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, हे दोन्ही हिशेब एका क्षणात होतात आणि उंदीर नेमका कुठे आहे हे न पाहताच समजते.

हे कोणी सांगितले, असे तुम्ही विचाराल. रॉजर पेन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. पुढे देवमाशांच्या गाण्यांचा अभ्यास करून त्यांनी मोठे नाव मिळवले. तरुणपणी त्यांनी गव्हाणी घुबडांवर प्रयोग केले. एक खोली ठार काळोखी केली, जमिनीवर वाळलेली पाने पसरली आणि त्यांत उंदीर सोडला. घुबड उंच दांडीवर बसलेले. पानांत खसखस झाली की घुबड झेप घेई, आणि दिवा लावून पाहावे तो उंदीर त्याच्या पंजात! बरे, त्याला वास येत असेल किंवा उंदराच्या अंगाची ऊब जाणवत असेल, असे म्हणावे, तर पेन यांनी कागदाचा बोळा दोऱ्याने पानांतून ओढला. घुबडाने त्यावरही तशीच अचूक झडप घातली. म्हणजे सगळा खेळ कानांचा. हे संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७८ साली एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी दाखवून दिले, की घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा चक्क एक नकाशाच असतो. अमुक दिशेने आवाज आला की मेंदूतला अमुक ठिकाणचा बिंदू जागा होतो.

आता डोळे आणि मान. घुबडाचे डोळे आपल्यासारखे वाटोळ्या गोटीचे नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि खोबणीत घट्ट बसवलेले असतात. थोड्या उजेडात पुष्कळ दिसावे म्हणून ते एवढे मोठे झाले. पण त्यामुळे ते इकडे तिकडे फिरवता येत नाहीत. तुम्ही आम्ही नुसता डोळा वळवून तिरके पाहू शकतो, घुबडाला ते साधत नाही. मग काय करायचे? सगळे डोकेच वळवायचे. आपल्या मानेत सात मणके, घुबडाच्या मानेत चौदा. त्यामुळे ते मान २७० अंशांपर्यंत, म्हणजे वर्तुळाच्या पाऊणभर फिरवू शकते. आपण असा प्रयत्न केला तर मेंदूचा रक्तपुरवठाच बंद पडायचा. घुबडाचा का पडत नाही, याचा उलगडा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली केला. मणक्यांतल्या ज्या छिद्रांतून रक्तवाहिनी जाते, ती छिद्रे त्या वाहिनीपेक्षा सुमारे दहापट रुंद असतात. आणि कवटीच्या तळाशी वाहिन्या फुगून तिथे रक्ताचा थोडा साठा राहतो. म्हणून मान कितीही वळली तरी मेंदूला रक्त मिळत राहते. पिंगळा आपल्याकडे पाहून मान खाली-वर करतो, डोके हलवतो, आणि पोरे म्हणतात, तो वाकुल्या दाखवतोय. तो बिचारा आपण किती लांब उभे आहोत याचा अंदाज घेत असतो.

घुबडाला दिवसा दिसत नाही, असेही आपण लहानपणापासून ऐकतो. 'दिवाभीत' म्हणजे दिवसाला भिणारा, हे नावच त्याला दिलेले आहे. पण हे खरे नाही. उजेडात त्याची बाहुली बारीक होते आणि त्याला चांगले दिसते. दिवसा ते बाहेर पडत नाही याचे एक मोठे कारण म्हणजे कावळे! दिवसा घुबड दिसले की कावळे कसे कलकलाट करून त्याच्यामागे लागतात, हे तुम्ही पाहिले असेल. पंचतंत्रातल्या 'काकोलूकीय' या भागाला या जुन्या वैराचाच आधार आहे. आणि महाभारताच्या सौप्तिक पर्वात एक घुबड रात्री वडावरच्या झोपलेल्या कावळ्यांचा संहार करते, ते पाहूनच अश्वत्थाम्याला पांडवांच्या छावणीवर रात्री घाला घालण्याची बुद्धी होते. आपल्या पूर्वजांनी घुबडाचे निरीक्षण बारकाईने केले होते यात शंका नाही.

दिवसा वावरणारे घुबडही आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातच आहे. त्याचे नाव रानपिंगळा. १८७३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली. १८८४ नंतर मात्र त्याचा पत्ताच लागेना. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ सालचा म्हणून एक नमुना पुढे केला होता. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना निघाला! खोट्या नमुन्यावरच्या खोट्या ठिकाणामुळे शोधणारी माणसे भलत्या जागी फिरत राहिली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ आले, आणि सकाळच्या उन्हात एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, तोरणमाळला सापडला, मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. पण त्याची संख्या फार थोडी आहे, आणि सागाची जुनी जंगले तुटली तर तो दुसऱ्यांदा सापडायचा नाही.

पुन्हा आपल्या गोठ्यातल्या शेजाऱ्याकडे येऊ. भुतासारखे अचानक समोर येते, ही त्याच्याविरुद्धची आणखी एक तक्रार. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी बारीक झालर असते, मागची कड दशा सुटलेल्या कापडासारखी मऊ असते आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते. त्यामुळे हवा फडफडत नाही. उंदराला चाहूल लागत नाही, हा एक फायदा. आणि आपल्याच पंखांच्या आवाजात उंदराची खसखस बुडून जात नाही, हा दुसरा. ही युक्ती माणसाने उचललीदेखील. जपानच्या अतिवेगवान आगगाडीवर वीज घेणारी जी दांडी असते, तिचा आवाज कमी करण्यासाठी तिथल्या इंजिनिअरांनी घुबडाच्या पिसाचा धडा गिरवला.

आता त्याच्या संसाराविषयी दोन शब्द. मादी चार ते सात अंडी घालते. पण एका दिवशी नव्हे, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. आणि पहिले अंडे घातल्याबरोबर उबवायला बसते. त्यामुळे पिलेही एकामागून एक बाहेर येतात. थोरले पंख फुटायच्या बेतात असते, तेव्हा धाकटे नुसते कापसाचा बोळा! मग थोरला धाकट्याच्या तोंडचा घास काढून घेत असेल, असे आपल्याला वाटते. पण स्वित्झर्लंडमध्ये लोझान विद्यापीठाचे आलेक्सांद्र रूलँ यांनी गव्हाणी घुबडांच्या घरट्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांना आढळले, की आई-बाप शिकारीला गेलेले असताना पिले एकमेकांशी फुसफुसून जणू बोलणी करतात. ज्याला अधिक भूक असते ते अधिक जोराने, अधिक वेळ ओरडते. ज्याची भूक कमी ते गप्प बसते आणि पुढचा उंदीर भुकेल्याला जाऊ देते. पुष्कळदा थोरली पिले आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्यांना देतातही.

श्रोतेहो, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या गोठ्याच्या भिंतीतली फुसफुस म्हणजे हे बोलणे होते.

घुबड काय खाते, हे कोणाला अंदाजाने सांगावे लागत नाही. त्याचा पुरावा ते स्वतःच ठेवते. उंदीर ते सबंध गिळते. मांस पचते, केस आणि हाडे पचत नाहीत. त्यांची अंगठ्याएवढी गुठळी होते आणि ती ते तोंडावाटे टाकून देते. घरट्याखाली अशा गुठळ्यांचा खच असतो. एखादी वाळलेली गुठळी पाण्यात भिजवून काडीने सोडवून पाहा. आत उंदरांच्या, चिचुंद्र्यांच्या इवल्याइवल्या कवट्या निघतील. रोज रात्री किती उंदीर कमी झाले याची ही नोंदवहीच म्हणा ना!

ही नोंदवही काही देशांतल्या शेतकऱ्यांनी नीट वाचली. इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतात खांबांवर लाकडी खोकी बसवून गव्हाणी घुबडांना घरे देण्यात आली, म्हणजे उंदरांसाठी विष कमी टाकावे लागेल. २००२ पासून शेजारचा जॉर्डन देशही त्यात आला. गंमत म्हणजे जॉर्डनमध्येही घुबड अशुभच मानतात. तिथल्या शेतकऱ्यांना आधी समजूत घालावी लागली, मग खोकी बसली.

आपल्याकडे काय स्थिती आहे? बंगालमध्ये घुबड लक्ष्मीचे वाहन. आपल्याकडे तेच दारिद्र्याचे चिन्ह. पण या वाहनाच्या मानानेही त्याचा जीव वाचत नाही. उलट, दिवाळीत लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून तिच्याच वाहनाचा बळी देणारे महाभाग आपल्या देशात आहेत. घुबडांच्या या चोरट्या व्यापाराचा सविस्तर अहवाल २०१० साली दिल्लीत प्रसिद्ध झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायदा प्रत्येक गोठ्यात येऊन उभा राहू शकत नाही. तिथे आपणच उभे राहायला हवे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांचा उत्सव भरवला. गावात घुबडाच्या नावाने उत्सव, ही कल्पनाच आमच्या आजीला पटली नसती! मुलांना मात्र ती लगेच पटते.

आमच्याकडे एक जुनी समजूत होती. घुबडाला दगड मारू नये. ते दगड उचलून नेते, पाण्यापाशी घासते, आणि दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा झिजतो. ही समजूत खोटी. पण तिने कितीतरी घुबडे वाचवली असतील. आता समजुती जात आहेत, त्या जाव्यातही. मात्र भीतीबरोबर दगड न मारण्याची सवयही जाऊ नये, एवढे आपल्याला पाहिले पाहिजे.

तुम्हाला करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. जुन्या भिंतीचे भोक किंवा झाडाची ढोली बुजवायची असेल, तर आधी आत कोणी राहत नाही ना ते पाहा. राहत असेल तर पिले उडून जाईपर्यंत दोन-अडीच महिने थांबा. पिलू खाली पडलेले दिसले तर त्याला घरी नेऊन दूध पाजू नका. जवळच उंच, सुरक्षित जागी ठेवा आणि दूर व्हा. आई-बाप रात्री येऊन त्याला भरवतात. जखमी असेल तर वनखात्याला कळवा. आणि शेतात-घरात उंदरांसाठी विष टाकताना एवढे ध्यानात ठेवा, की काही विषे उंदराला लगेच मारीत नाहीत. तो दोन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो. असा मंद झालेला उंदीर घुबड सहज उचलते, आणि ते विष घुबडाच्या, त्याच्या पिलांच्या पोटात जाते. पिंजरा लावून भागत असेल तर पिंजरा लावा. विष टाकलेच, तर मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरून टाका.

आमचा तो गोठा आता राहिला नाही. गेल्या वर्षी गावी गेलो होतो. रात्री अंगणात बसलो असताना शेजारच्या जुन्या कोठाराकडून ती ओळखीची किंकाळी आली. माझा नातू दचकून मला बिलगला आणि म्हणाला, "आजोबा, काय ते?"

"घुबड आहे," मी म्हणालो. "चल, जवळ जाऊन पाहू. पण आवाज करू नकोस हं. त्याला सगळं ऐकू येतं."